राग, हक्क आणि जगाकडचे येणे

माणसे पूर्वीपेक्षा रागीट झाली आहेत आणि जगाने आपल्याला सर्व काही द्यायलाच हवे असे त्यांना वाटू लागले आहे, ही तक्रार सहसा एका दमात केली जाते. प्रत्यक्षात तिच्यात दोन वेगळे दावे आहेत. एक रागाच्या प्रमाणाविषयीचा आणि दुसरा रागाच्या कारणाविषयीचा. पहिल्याला पुरावा तोकडा आहे. दुसऱ्यात पुष्कळ तथ्य आहे, आणि धर्मविचाराने व तत्त्वज्ञानाने क्रोधाची जी चर्चा केली ती मुख्यतः या दुसऱ्या अंगानेच.

माणूस बिघडत चालला आहे ही भावना फार जुनी. भागवताच्या बाराव्या स्कंधात कलियुगातली माणसे लोभी, निर्दय आणि विनाकारण वैर धरणारी असतील असे वर्णन येते. ग्रीक कवी हेसिअडने आपल्या काळाला लोहयुग म्हणून असाच बोल लावला होता. अॅडम मास्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2023 साली ‘नेचर’ नियतकालिकात या भावनेची छाननी केली. सुमारे सत्तर वर्षांतल्या पाहण्यांमध्ये, किमान 60 देशांत, लोकांनी नीतीचा ऱ्हास होत असल्याचे सांगितले होते. पण आजूबाजूची माणसे सध्या कशी वागतात असे विचारल्यावर मिळालेली उत्तरे वर्षानुवर्षे जवळपास सारखीच राहिली होती. गॅलप संस्था अनेक देशांतल्या लोकांना ‘काल दिवसातला बराच वेळ राग आला होता का’ असे विचारते; 2021 साली ‘हो’ म्हणणारे चार जणांत एकाहून कमी होते. त्याआधीच्या दशकात चिंता, ताण, दुःख अशा नकारात्मक अनुभवांचे एकत्रित मोजमाप वाढले होते हे खरे, पण त्यावरून एखादे संतप्त युग अवतरल्याचे सिद्ध होत नाही. हिंसेचा हिशेब तर उलट दिशेने जातो. मॅन्युएल आइस्नर यांच्या अभ्यासानुसार मध्ययुगीन युरोपात लाखामागे वीस किंवा त्याहून अधिक खून होत. आज पश्चिम युरोपात ते प्रमाण एकाच्या आसपास आहे. खानावळीत शब्दाला शब्द लागून सुरे निघणारा तो समाज आजच्यापेक्षा शांत होता असे म्हणता येत नाही.

राग दिसतो मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. समाजमाध्यमांवर संतापाच्या मजकुराला पसंती मिळाली की तीच व्यक्ती पुढच्या वेळी अधिक संतापाने लिहिते, असे विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी 2021 साली दाखवले. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मिखाएल पीटरसन यांना 2022 साली असे आढळले की राजकीय चर्चेत ऑनलाइन तुटून पडणारी माणसे प्रत्यक्षातही बहुधा तशीच वागतात. फरक इतकाच की ऑनलाइन त्यांचा आवाज हजारोंच्या कानी जातो. गावच्या पारावर एखादाच भांडकुदळ असे आणि बाकीचे त्याला ओळखून असत. आता अशा सगळ्यांचा गलबला प्रत्येकाच्या खिशात येऊन पडतो.

तेव्हा खरा प्रश्न राग कशातून जन्मतो हा आहे. या बाबतीत एकमेकांपासून दूर असलेल्या परंपरा आश्चर्य वाटावे इतक्या जवळ येतात. अॅरिस्टॉटलच्या मते आपली अकारण अवहेलना झाली या समजुतीतून उठणारे दुःख आणि तिचा बदला घेण्याची इच्छा म्हणजे क्रोध. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि अखेर बुद्धिनाश अशी साखळी आहे. तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य स्पष्ट करतात की अडवला गेलेला कामच क्रोधाचे रूप घेतो. क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिणाऱ्या रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने सुस्थितीतल्या माणसांच्या रागाकडे विशेष लक्ष दिले. त्याने सांगितलेला एक प्रसंग असा : वेडियस पोलियो या धनिकाकडे सम्राट ऑगस्टस जेवायला आला असताना एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलियोने त्याला तळ्यातल्या हिंस्र माशांपुढे टाकण्याची आज्ञा केली. ऑगस्टसने गुलामाला सोडवले, घरातले सगळे स्फटिकपात्र फोडायला लावले आणि तळे बुजवून टाकण्याचा हुकूम दिला. ज्याला कशाचीच वाण नव्हती तो माणूस एका पेल्यासाठी जीव घ्यायला निघाला होता.

या सर्वांच्या विचारात एक धागा समान आहे. ‘हे मला मिळायला हवे होते’ असा निवाडा मनात आधी होतो आणि राग त्यामागून येतो. हा निवाडा जितक्या अधिक गोष्टींना लागू होईल तितके रागाचे प्रसंग वाढतात, मग स्वभाव कितीही शांत असो. एखादा सावकार वहीत येणे लिहून ठेवतो तसे माणूस जगाकडचे आपले येणे मनात मांडून ठेवतो. वसुली चुकली की तो चिडतो. ती नोंद खरी होती का हे क्वचितच तपासतो.

महाभारताच्या वनपर्वातली कौशिकाची कथा या वृत्तीचे अत्यंत अचूक चित्र आहे. तप करणाऱ्या कौशिकाच्या अंगावर झाडावरच्या बगळीची विष्ठा पडते. त्याच्या क्रोधी दृष्टीने ती मरून खाली कोसळते. त्याला पश्चात्ताप होतो, पण तो टिकत नाही. भिक्षेसाठी तो एका घरी जातो. गृहिणी त्याला थांबायला सांगते. तेवढ्यात भुकेला नवरा घरी येतो आणि ती आधी त्याची सेवा करते. दारात ताटकळलेला कौशिक भडकतो. ब्राह्मणाला, तपस्व्याला वाट पाहायला लावली! गृहिणी शांतपणे सांगते की आपण बगळी नाही, आणि धर्म शिकायचा असेल तर मिथिलेतल्या व्याधाकडे जा. तो व्याध मांस विकणारा आहे. कौशिक त्याच्याकडे जातो, शिकतो आणि शेवटी ज्या आईवडिलांना सोडून तो तपाला निघाला होता त्यांच्या सेवेसाठी परततो. कथेतला राग भुकेचा नाही. तपाने मोठा झालेला मान आणि त्यामुळे वाढलेले येणे, हे त्याचे मूळ आहे. ज्याच्याकडे जगाचे देणे थकले होते तो स्वतःला धनको समजून बसला होता. वैदिक परंपरा माणूस देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी म्हणून जन्मतो असे मानते. त्या कल्पनेत जन्माबरोबर येते ते देणे.

आधुनिक काळाने हे गणित उलटवले, आणि ते उलटणे अनेक अर्थांनी आवश्यक होते. आता माणूस हक्क घेऊन जन्मतो. त्याचा मानसिक परिणाम अॅलेक्सी द तोकव्हिल यांनी 1840 साली, अमेरिकन लोकशाहीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ओळखला होता : विषमता हाच नियम असतो तेव्हा मोठी दरीही डोळ्यांत खुपत नाही, सर्व जवळपास समान झाले की लहानसा फरकही सलू लागतो. स्पॅनिश विचारवंत होसे ओर्तेगा इ गासेट यांनी 1930 साली आणखी एक गोष्ट जोडली. नव्या युगातला माणूस सुखसोयींना हवेसारख्या आपोआप मिळणाऱ्या वस्तू समजतो. त्यांमागचे कष्ट त्याला दिसत नाहीत, म्हणून तो लाडावलेल्या मुलासारखा मागत राहतो. दहा मिनिटांत घरपोच वस्तू देण्याचे वचन देणाऱ्या व्यवसायांनी ही अदृश्यता पुरी केली आहे. वचन कंपनीचे असते. पाऊस, सिग्नल आणि चौथा मजला मात्र सामान पोचवणाऱ्या पोराच्या वाट्याला येतात, आणि पंधराव्या मिनिटाला ग्राहकाचा आवाज चढतो तोही त्याच्याच अंगावर. मागच्या पिढीला उशीर होत नव्हता असे नाही. तिला असे वचन कोणी दिलेले नव्हते.

नव्या पिढीला आत्ममग्न ठरवणारा सिद्धान्त मात्र जपून घ्यायला हवा. अमेरिकेत 1986 साली कॅलिफोर्निया राज्याने स्वाभिमान वाढवण्यासाठी कृतिदल नेमले, आणि पुढे जीन ट्वेंगी यांनी एका प्रश्नावलीच्या आधारे विद्यार्थ्यांमधली आत्मप्रौढी वाढत असल्याचे मांडले. 2017 साली त्याच प्रश्नावलीच्या फेरतपासणीत 1990च्या दशकानंतर ती किंचित घटल्याचे दिसले. तरुणांना नावे ठेवणे सोपे आहे. येण्याची वृत्ती वयापेक्षा स्थानाला अधिक चिकटते : रांग मोडणाऱ्याला, ओळखीने देवदर्शन घेणाऱ्याला, गाडीवरच्या लाल दिव्याला. हा दिवा भारतात 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्याही गाड्यांवरून उतरवावा लागला.

इथे या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग येतो. ‘फार माजलेत’, ‘आता यांना सगळेच हवे’ हे शब्द मराठी समाजात बहुतेक वेळा वरून खाली उच्चारले गेले आहेत. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्याच दिवशी, हे लोक आता देवळात शिरणार अशी अफवा पसरून त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पुढे तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. एकाच गावात एकाच दिवशी दोन क्रोध समोरासमोर उभे होते. सत्याग्रहींचा क्रोध जे सर्वांचे आहे ते आम्हालाही, एवढेच मागत होता. हल्लेखोरांच्या क्रोधाची मागणी दुसऱ्याला वगळले जावे अशी होती. हातून कोणतीही वस्तू न जाता केवळ आपले वेगळेपण जात असल्याने ते पेटले होते. त्या तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करायला 1937 साल उजाडले. ज्या मागणीत दुसऱ्यालाही तेवढेच देण्याची तयारी असते ती हक्काची, आणि जी दुसऱ्याच्या वंचनेवर उभी असते ती अहंकाराची. क्रोध न्याय्य आहे की नाही हे ठरवायला याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

या कसोटीने पाहिल्यास सरसकट क्षमेचा उपदेशही तोकडा ठरतो. वनपर्वातच द्रौपदी युधिष्ठिराला विचारते की एवढ्या अपमानानंतरही तुम्हाला राग कसा येत नाही, आणि प्रल्हादाने बळीला दिलेला सल्ला सांगते : सदा उग्रता बरी नाही, सदा क्षमाही बरी नाही, नेहमी क्षमा करणाऱ्याचा नोकरसुद्धा मान राखत नाही. युधिष्ठिर क्षमेची थोरवी गातो. द्रौपदीचे समाधान होत नाही, आणि महाभारत तिला गप्प बसवत नाही. कर्तव्याच्या भाषेबाबतही अशीच सावधगिरी हवी. भारतीय संविधानात मूलभूत कर्तव्ये 1976 साली, 42व्या घटनादुरुस्तीने आली, आणि तेव्हा आणीबाणीत नागरिकांचे हक्कच गोठवलेले होते. ज्याचे हक्क हिरावले आहेत त्याला ऋणांची आठवण करून देणे म्हणजे वेठीला धर्माचे नाव देणे.

प्रत्यक्षात हे दोन्ही क्रोध अनेकदा एकाच माणसात मिसळलेले असतात. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. सरकारी रुग्णालयात खाट, औषध, साधे उत्तरही न मिळालेल्या नातेवाइकाच्या संतापात खरा अन्याय आहे. ‘आमच्या माणसाला आधी पाहा’ म्हणत रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या कॉलरला हात घालण्यात मात्र कौशिकाचाच राग आहे. यंत्रणा हाती लागत नाही आणि समोरचा थकलेला माणूस हाती लागतो, म्हणून न्याय्य राग अन्याय्य जागी पडतो. आधुनिक समाजातल्या रागाचा मोठा वाटा अशा भरकटलेल्या रागाचा आहे, आणि त्याची जबाबदारी एकट्या व्यक्तीच्या स्वभावावर टाकणे अप्रामाणिक ठरेल.

तरीही स्वतःच्या रागाचे काय करायचे हा प्रश्न व्यक्तीलाच सोडवावा लागतो. तो बाहेर काढला की निवळतो ही समजूत ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात टिकली नाही. ज्याने चिडवले त्याचा विचार करत ठोशांच्या पिशवीवर राग काढणारे अधिक रागावलेले आढळले. जैन विचाराने या बाबतीत विलक्षण बारकाई दाखवली आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, आणि प्रत्येकाच्या चार तीव्रता. पाण्यावरच्या रेघेसारखा क्रोध लगेच पुसला जातो, वाळूवरचा काही काळ राहतो, जमिनीच्या भेगेसारखा वर्षभर टिकतो आणि दगडावरच्या रेघेसारखा जन्मभर. राग वर्षाच्या पलीकडे जाऊन कायमचा होऊ नये म्हणून श्वेतांबर परंपरेत संवत्सरीला सर्वांची क्षमा मागितली जाते. मागितली जाते, हे महत्त्वाचे : साधक इथे धनको म्हणून उभा राहत नाही, आपले कोणाबाबत काय चुकले असेल ते तो आठवतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर जैनांच्या गावांतही दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो. क्षमेच्या त्या दिवसानंतर लगेच दुसरा दिवस मार्दवाचा, म्हणजे मान सोडण्याचा, ठेवलेला आहे.