खानदान आणि कर्तृत्व

लग्नाची बोलणी असोत की मशिदीच्या कमिटीची निवड, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खानदान कोणतं?" सय्यद, शेख म्हटलं की माना डोलतात; बागवान, पिंजारी, तांबोळी म्हटलं की थबकतात. आमच्या वर्गात एका मुलीने गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवले, तेव्हा आम्हीही "कुणाची मुलगी?" असंच विचारलं. वडील हातगाडी ओढतात हे कळल्यावर तोंडून निघून गेलं, "तरीही एवढे गुण!" मुलीने मान खाली घातली. तो 'तरीही' आम्हाला अजून बोचतो.

वास्तविक इस्लामने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. कुरआनच्या 'अल-हुजुरात' या सूरहमध्ये श्रेष्ठत्वाची कसोटी तकवा ही आहे, वंश नव्हे. इ.स. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान पैगंबरसाहेबांनी (स.) कुरैशच्या एखाद्या सरदाराला नव्हे, तर एकेकाळी गुलाम असलेल्या हजरत बिलाल (रजि.) यांना दिला.

आपल्या मातीतलं उदाहरण मलिक अंबरचं. गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा हबशी माणूस स्वकर्तृत्वावर निजामशाहीचा पेशवा झाला. त्याने खडकी शहर वसवलं, तिथे नहर बांधून पाणी आणलं. 1626 मध्ये तो वारल्यावर मुलगा फतहखान याला बापाचं पद मिळालं. त्याने शहराला स्वतःचं नाव दिलं, फतेहनगर. आणि 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. ते शहर पुढे औरंगाबाद झालं, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे. फतेहनगर कुणाला आठवत नाही. नहर मात्र आजही 'नहर-ए-अंबरी' म्हणूनच ओळखली जाते.

मग घराण्याला काहीच किंमत नाही का? आहे. घरातले संस्कार, पुस्तकं, वडिलांची ओळख यांनी वाट सोपी होते. पण ही आपली कमाई नव्हे, अमानत आहे. अमानतीचा हिशेब द्यायचा असतो, ती मिरवायची नसते. आणि जिला ती मिळालीच नाही, त्या मुलीची वाट आपण एका प्रश्नाने आणखी लांब करतो.

खानदान विचारण्याची सवय एका दिवसात जाणार नाही. निदान पुढच्या वेळी स्थळ पाहताना, मुलगा स्वतः काय करतो आणि कसा वागतो, हे आधी विचारू या.