दाराबाहेरचा कावळा

चिमणी-कावळ्याची गोष्ट मराठीत तेराव्या शतकापासून चालत आलेली आहे; ‘लीळाचरित्रा’त ती आढळते. आज घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या तिच्या रूपात पावसाने शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे एक नवे काम पुढे करते. बाळाला न्हाऊ घालायचे असते, मग जेवू घालायचे, मग निजवायचे. वाक्याचा साचा तोच, क्रियापद तेवढे बदलते. म्हणूनच तीन-चार वर्षांचे मूल पुढचे वाक्य आपणच जुळवते. आणि पुढे तीच गोष्ट छापील रूपात समोर आली, की अक्षरांआधी अर्थ त्याच्या हाती असतो.

परंतु भाषा अशी सहज रुजते, तेव्हा तिच्यासवे नीतीही रुजते. भिजणाऱ्याला ताटकळत ठेवणे त्या साच्यातच मुरलेले आहे. मग गोष्ट सौम्य करावी काय? मला तसे वाटत नाही. सौम्य केलेल्या गोष्टीत मुलाला विचारण्याजोगे काही उरत नाही. ‘तिने दार लगेच का नाही उघडले?’ हे मुलाचे वाक्य कोणत्याही साच्यातून आलेले नसते. खरे वाचन तेथे सुरू होते. त्या प्रश्नावर घाईने तात्पर्य ठेवणारा शिक्षक मुलाला अनेक वाक्ये देतो, पण त्याचे स्वतःचे वाक्य हिरावून घेतो.