चौकट आणि पोळे

दुसऱ्या माणसाकडून चांगली गोष्ट करवून घेता येते काय? आणि येत असेल, तर ती गोष्ट त्याची राहते की आपली होते? प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतला वाटतो खरा. पण तो आपल्या घराघरांत रोज उभा राहतो. मुलांनी संध्याकाळी जपमाळेला बसावे, दृढीकरण संस्कारानंतरही रविवारची मिस्सा चुकवू नये, शेजारच्या आजारी माणसाची आपणहून विचारपूस करावी, असे कोणत्या आईवडिलांना वाटत नाही? “फादर, आम्ही सर्व काही दिले, पण मुले घेत नाहीत,” ही व्यथा धर्मग्रामात वावरताना आम्हांला वारंवार ऐकू येते. तिचा विचार करताना मधमाशा पाळणाऱ्यांची एक नेहमीची अडचण आम्हांला उद्बोधक वाटते.

मधपेटीत नवी लाकडी चौकट ठेवली, म्हणजे माशा तिच्यात पोळे बांधतीलच असे नाही. कधी त्या तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कधी चौकट सोडून पेटीच्या झाकणालाच पोळे लटकवतात. पेटीचा मालक माणूस असला, तरी पोळे बांधणे हे माशीच्याच हाती आहे.

याचे कारण मेणाच्या उत्पत्तीत आहे. मेण बाहेरून गोळा करून आणता येत नाही. ते माशीच्या देहातूनच स्रवते. साधारण दोन आठवडे वयाच्या कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून त्याचे पातळ पापुद्रे निघतात. माशा एकमेकींना धरून साखळ्या करतात, शरीराची ऊब राखतात, ते पापुद्रे चावून मऊ करतात आणि षट्कोनी घरे उभारतात. एक किलो मेण तयार होण्यासाठी त्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. एवढे मोलाचे द्रव्य त्या गरजेवाचून आणि भरवशावाचून खर्च करीत नाहीत.

म्हणून जाणता मधपाळ माशांवर सक्ती करीत नाही. तो परिस्थिती अनुकूल करतो. रानात फुलोरा असताना तो नवी चौकट देतो. फुलोरा नसेल, तर साखरेचा पातळ पाक ठेवतो. पेटीत अंडी घालणारी राणी आणि पुरेशा तरुण माशा आहेत ना, हे पाहतो. चौकट थंड कडेला न ठेवता पिलांच्या पोळ्याशेजारी, उबेच्या जागी ठेवतो. पण पिलांना गारवा लागेल इतकी फट पाडीत नाही. एका वेळी एकच चौकट देतो. चौकटीत मेणपत्रा बसवतो, म्हणजे ज्यावर षट्कोनांचे ठसे उमटवले आहेत असा मेणाचा पातळ पत्रा. १८५७ साली जर्मनीतील योहानेस मेरिंग यांनी ही युक्ती काढली. एवढे झाले, की तो झाकण लावतो आणि थांबतो. प्रगती पाहण्यासाठी घडोघडी पेटी उघडली, तर आतली ऊब जाते आणि काम खोळंबते.

यातील प्रत्येक गोष्ट आईवडिलांना लागू करून पाहावी. घरात प्रेमाचा दुष्काळ असताना आपण प्रार्थनेची चौकट पुढे करतो काय? तिला घरातील उबेच्या जागी, जेवणाच्या आणि गप्पांच्या शेजारी, ठेवतो, की शिक्षेच्या कोपऱ्यात? धर्मशिक्षण, शिकवणी, स्पर्धा, गायनवृंद अशा चार चौकटी एकदम तर देत नाही ना? आणि दिल्यावर रोज झाकण उघडून “कुठवर आले?” असे विचारीत तर नाही ना?

मेणपत्र्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. युरोपीय माशीसाठी केलेल्या पत्र्यावरील घरे आपल्या सातेरी माशीच्या मापाहून मोठी असतात. आपली सातेरी चणीने लहान. तिला तिच्या मापाचाच ठसा द्यावा लागतो. थोरल्या भावाच्या मापाची चौकट धाकट्यावर लादणारे आणि वडिलांच्या अपुऱ्या इच्छेचा ठसा मुलाच्या जीवनावर उमटवू पाहणारे पालक याच नियमाचा भंग करतात.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की मग चौकट द्यावीच कशाला? मूल मोठे झाल्यावर आपला धर्म आपण निवडील. झाडाच्या ढोलीतही माशा पोळे बांधतातच ना? आक्षेप सुटसुटीत आहे, पण येथे माणूस आणि माशी यांतील भेद डोळ्यांआड होतो. माशीला पोळ्याची विद्या उपजत असते. मुलाला प्रार्थनेची भाषा उपजत नसते. मोठेपणी निवडील म्हणून आपण त्याला मातृभाषेवाचून वाढवीत नाही. मुळीच चौकट न देणे हेही एक प्रकारे त्याच्या वतीने निवड करणेच होय.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मधपाळ पाक ठेवतो तो अखेर मधासाठी. मग प्रोत्साहन म्हणजे गोड वेष्टनातली सक्तीच नव्हे काय? आमच्या मते सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो. माशी साधन होऊ शकते. माणूस कधीही होऊ शकत नाही. गावात नाव व्हावे म्हणून मुलाला वेदीसेवक करणे, म्हातारपणी कामास यावी म्हणून मुलीला आज्ञाधारकपणा शिकवणे, धर्मग्रामाची आकडेवारी शोभावी म्हणून आम्हां धर्मगुरूंनी तरुणांची मंडळे उभारणे, ही सारी मधासाठी ठेवलेल्या पाकाचीच उदाहरणे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केला. श्रद्धेचा प्रतिसाद सक्तीने घेता येत नाही, हे त्याचे सार आहे. मधपाळांचे आश्रयदाते संत अँब्रोज यांचा सणही ७ डिसेंबरलाच येतो.

आधुनिक मधपेटीचा इतिहासही हेच सुचवतो. सायलेशियातील कॅथलिक धर्मगुरू यान जेर्झोन यांनी पोळी सुटी काढता येतील अशी पेटी केली होती. परंतु तिच्या बाजूंना चिकटलेली पोळी कापावी लागत. १८५१ साली अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पाळक लॉरेंझो लँगस्ट्रॉथ यांनी चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये सुमारे ३/८ इंच अंतर मोकळे ठेवले. माशा स्वतःच्या येण्याजाण्यासाठी एवढेच अंतर सोडतात. ते कमी झाले, तर त्या फट डिंकाने लिंपून टाकतात; वाढले, तर तेथे आडवेतिडवे पोळे बांधतात. माशीला हवे असलेले अंतर माणसाने ओळखले आणि मगच चौकट कामाची झाली. पालकांनी आणि पाळकांनी राखावयाचे अंतरही असेच मोजके असते.

मधपेटीला दार असते, कडी नसते. माशा रोज बाहेर जातात आणि आपणहून परततात. मात्र पेटीतला सगळा मध काढून घेतला, तर सातेरी माशा पेटी सोडून निघून जातात. त्यांच्यासाठी किती मध मागे ठेवला, यावर त्यांचे राहणे बरेचसे अवलंबून असते. आपल्या मुलांच्या यशातून, सेवेतून, भक्तीतून आपण आपल्या मानासाठी किती काढून घेतो आणि त्यांच्यासाठी किती ठेवतो, याचा हिशेब प्रत्येक घराने करावा.

पुनरुत्थानाच्या रात्री पास्काची मेणबत्ती पेटते, तेव्हा ख्रिस्तसभा आपल्या स्तुतिगानात मधमाशांच्या कष्टांची आठवण करते. त्या गानात मधपाळाचा उल्लेख नाही. चौकट देणाऱ्यांनी त्यात कमीपणा मानू नये. वेळेवर, योग्य मापाची चौकट उबेच्या जागी ठेवावी, झाकण लावावे आणि पुढचे कार्य पवित्र आत्म्यावर सोपवावे.