अडलेला शब्द

आजचे वाचन : २ करिंथ १२:७-१०, प्रेषितांची कृत्ये १८:१-११



आज थोडं स्वतःबद्दल. मी अडखळत बोलतो. लिहिताना ते कळत नाही, वाक्यं सरळ चालतात. पण तोंड उघडलं की काही अक्षरांवर गाडी थांबते. स्वतःचं नाव सांगताना थांबते. आणि सगळ्यात जास्त थांबते ती ‘ये’वर. बाकीच्या शब्दांना मी पर्याय शोधून ठेवलेत. ‘पाणी’ अडलं तर ‘बाटली दे’ म्हणतो. पण येशू या नावाला पर्याय कुठून आणू? ‘प्रभू’ म्हटलं तर समोरचा विचारणार, कोणता प्रभू? की पुन्हा तिथेच.

लहानपण भिवंडीत गेलं, यंत्रमागांच्या शेजारी. माग चालू असले की दोन माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, त्यामुळे एक मुलगा बोलतच नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. मला तो खडखडाट आवडायचा. भीती वाटायची ती लाईट गेल्यावर. सगळे माग एकदम बंद, गल्ली शांत, आणि मग कुणीतरी विचारणार, ‘काय रे, कितवीला तू?’

चर्चच्या तरुणांच्या सभेत एकदा साक्ष द्यायला उभा राहिलो. माईक हातात, समोर तीसेक जण. पहिलाच शब्द अडला. कोणी हसलं नाही, उलट सगळे खाली बघत बसले, आणि ते जास्त लागलं. त्या दिवशी ठरवलं की सुवार्ता सांगणं हे ज्यांना बोलता येतं त्यांचं काम. आपण खुर्च्या लावू.

पौलाला आपण मोठा वक्ता समजतो. पण करिंथमधले काही लोक त्याच्याविषयी काय म्हणत होते ते २ करिंथ १०:१० मध्ये वाचा. पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा, आणि बोलणं तर काहीच नाही! हे त्याने स्वतःच्या पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो कबूलही करतो की तुमच्याकडे आलो तेव्हा मी अशक्त होतो, घाबरलेलो होतो, थरथरत होतो.

आणि करिंथ कसलं शहर होतं? मला ते नेहमी भिवंडीसारखं वाटतं. व्यापाराचं गाव, दोन बाजूंना दोन बंदरं, माल येतोय, माल जातोय, कुठकुठून आलेली माणसं, ज्याची त्याची भाषा. आपल्याकडे माणकोलीपासून आत शिरलं की गोदामांच्या रांगा आणि कंटेनर लागतात, तसंच काहीसं. तिथे पौल दिवसभर अक्विला आणि प्रिस्किल्लाबरोबर राहुट्या करायचं काम करत होता. सुई, दोरा, जाड कापड. म्हणजे भिवंडीत आला असता तर त्याला काम लगेच मिळालं असतं! अशा गावात प्रभूने रात्री दर्शनात त्याला सांगितलं की भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नको. आता जो भीतच नाही त्याला कोणी ‘भिऊ नको’ म्हणेल का? पौल गप्प बसायच्या बेतात असावा असं मला वाटतं. मग तो तिथे दीड वर्ष राहिला.

शरीरातला तो काटा नेमका काय होता, हे शास्त्रात सांगितलेलं नाही. डोळे म्हणा, आजार म्हणा, लोकांनी पुष्कळ तर्क केलेत. मला ते न सांगितलेलंच बरं वाटतं, कारण त्या जागी ज्याला त्याला आपला काटा ठेवता येतो. पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते एवढंच की माझी कृपा तुला पुरेशी आहे, आणि तुझ्या अशक्तपणातच माझ्या सामर्थ्याला पूर्ण जागा मिळते.

खरं सांगू? कितीतरी वर्षं मला हे उत्तर म्हणजे गोड शब्दांत दिलेला नकार वाटायचा.

आता मी वळ गावाजवळच्या एका गोदामात काम करतो, रात्रपाळी. तिथे माझ्याबरोबर पद्मानगरचा एक मुलगा आहे. घर तेलुगू, पण मराठी आपल्यासारखीच बोलतो. वडिलांनी आयुष्यभर माग चालवले. आईचं डायलिसिस चालू आहे. मी रविवारी चर्चला जातो हे त्याला माहीत होतं. एकदा त्याने सहज विचारलं, “तुम्ही लोक प्रार्थना करता म्हणजे नक्की काय करता रे?” मी काय केलं असेल? फोन आल्याचं नाटक केलं आणि बाहेर गेलो. फोन कानाला लावून अंधारात उभा राहिलो, पाच मिनिटं. अडखळण्याची लाज मला लहानपणापासून आहे. त्या रात्रीची लाज वेगळी होती.

घरी येऊन निर्गम ४ उघडलं. मोशेही म्हणाला होता की माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव त्याच्यावर रागावला. तरी सोबत अहरोन दिला. पण जीभ बरी केल्याचं तिथे लिहिलेलं नाही. त्याच जिभेने त्याला फारोपुढे जावं लागलं.

पंडिता रमाबाईंचं असंच. १८७८ साली कोलकात्यात त्यांचं ज्ञान आणि भाषण ऐकून विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या, पण कानांनी साथ दिली नाही, बहिरेपणामुळे ते शिक्षण राहिलं. कान पुढेही बरे झाले नाहीत. त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. अशक्तपणा म्हणजे तयारी न करायची परवानगी नाही. मी स्पीच थेरपी घेतली, थोडा फरकही पडला. तुम्हालाही गरज असेल तर जरूर घ्या, त्यात अविश्वास नाही. आणि दुसरं, कोणाच्या आजारपणाचा फायदा घेऊन विश्वास गळ्यात मारायचा नसतो. पेत्र सांगतो की कोणी आपल्या आशेचं कारण विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या. ‘विचारलं तर.’ मला तर विचारलं होतं.

काही आठवड्यांनी टपरीवर चहा घेताना मीच विषय काढला. म्हटलं, मी रोज तुझ्या आईसाठी प्रार्थना करतो. एवढं बोलायला बराच वेळ लागला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “राग मानू नको. तुझ्या देवाने तुझं बोलणं का नाही ठीक केलं?”

पाठ केलेली सगळी वचनं त्या क्षणी गायब. मी म्हणालो, “मा... माहीत नाही. मी मागितलं होतं. पण तो मला सो... सोडून गेला नाही.”

तो कपाकडे बघत होता. “आई पण असंच विचारते,” तो म्हणाला. “मलाच का?” थोड्या वेळाने म्हणाला, “तू जे करतोस ते कर ना इथे. मी बसतो.”

ट्रक जात होते, टपरीवाला भांडी घासत होता. मी डोळे मिटले. त्याच्या आईचं नाव घेतलं, तिला झोप मिळू दे म्हणालो, सुई टोचते तिथलं दुखणं कमी होऊ दे म्हणालो. आणि शेवटी ‘ये’वर अडलो. ये... ये... नेहमीसारखंच. अर्धा मिनिट गेला असेल.

तेव्हा शेजारून हळूच आवाज आला, “येशू.”

त्याने विश्वास ठेवला असं मी म्हणत नाही. समोरचा अडला की माणूस शब्द पुरवतो, तसा त्याने पुरवला. एरवी कोणी माझं वाक्य पूर्ण केलं की मला फार राग येतो. त्या रात्री नाही आला.

त्याच्या आईचं डायलिसिस अजून चालू आहे. मीही अडखळतोच. मधे एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. आईंनी माझी दोन वाक्यं पूर्ण होईपर्यंत वाट बघितली आणि म्हणाल्या, “सावकाश बोल बाळा, मला कुठे जायचंय.”

प्रार्थना : प्रभू येशू, उद्या सकाळी त्या माऊलीचं पुन्हा डायलिसिस आहे. तिच्याजवळ राहा. तिच्या मुलाला रात्रपाळीनंतर दवाखान्यात बसताना धीर दे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्याने आज कुठेतरी फोन आल्याचं नाटक केलं असेल, त्यालाही आणखी एकदा विचारणारं कोणीतरी भेटू दे. आमेन.