सोनटक्क्याचा गड्डा

श्रावण लागला की चेंबूर स्टेशनाबाहेरच्या फुलवाल्यांकडे सोनटक्का येतो. मोगरा, अबोली, शेवंती यांपैकी काही ना काही तिथे बाराही महिने असतंच. दक्षिणेकडच्या लोकांची वस्ती इथे जुनी आणि मोठी, त्यामुळे गजऱ्यांना खंड नाही. सोनटक्का मात्र पावसाळ्याचा, फार तर दसरा-दिवाळीपर्यंतचा, आणि बहुतेकदा मिटलेल्या कळ्यांचा. सकाळी घेतलेली कळी संध्याकाळी घरी उमलते. ती विकत घ्यावी, गौरीच्या वेणीत माळावी, देवघरात ठेवावी, सगळं छानच. पण हे झाड खरं कळतं ते लावल्यावर, आणि वर्षभर त्याच्यासोबत काढल्यावर. कारण वर्षातला बराचसा काळ त्याला फूल नसतं. नुसती हिरवी पात असते, नाहीतर तीही पिवळी पडलेली.

कोकणात सोनटक्का कुणी मुद्दाम राखत नाही. न्हाणीचं पाणी जिथे वाहत जातं तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का एकमेकांच्या आधाराने वाढतात. त्याची गरज एवढीच: पाय ओले, माती कसदार, डोक्यावर थोडी सावली. मुंबईच्या बाल्कनीत नेमकं हेच जुळवून आणावं लागतं. कुंडी खोल नको, पसरट हवी, कारण त्याचा गड्डा खाली जात नाही, आडवा सरकतो. लावताना तो खोल पुरायचा नाही. आल्याच्या तुकड्यासारखा जमिनीलगत आडवा ठेवून वर बोटभर माती पुरे. सकाळचं ऊन मिळावं, दुपारचं टळावं. मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत त्याची पानं कडेने करपतात आणि मागच्या बाजूला लाल कोळी धरतो; तेव्हा पानांच्या पाठीवर रोज पाण्याचा फवारा मारला की बहुतेक वेळा भागतं. कुंडीखाली ताटली ठेवून पाणी साठवायचा मोह होतो, तो टाळावा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची अंडी आठवड्याभरात डास होऊन उडतात, आणि पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी येऊन ताटल्या पाहतात ती उगाच नाही. त्यापेक्षा मातीवर सुक्या पानांचा जाड थर घालावा. ओल टिकते आणि पानं कुजून खतही होतात.

खताचंही तसंच. चेंबूरच्याच आरसीएफच्या खत कारखान्यात तयार होणारं सुफला 15:15:15 इथल्या कितीतरी घरांच्या बाल्कनीत डब्यात भरून ठेवलेलं असतं. चिमूटभर चालतं. पण नत्र जास्त झालं तर सोनटक्का पुरुषभर उंच वाढतो, हिरवागार दिसतो आणि फुलत नाही. शेणखत किंवा घरचं ओल्या कचऱ्याचं खत त्याला जास्त मानवतं.

आता फुलाकडे येऊ. भाद्रपदातल्या एखाद्या संध्याकाळी, उजेड अजून असताना, कळीसमोर बसावं. दांड्याच्या शेंड्याला हिरवे खवले एकावर एक बसलेले असतात. एकेका खवल्याआडून लांब, बारीक, पांढरी नळी वर येते आणि तिच्या टोकाशी पिळलेली कळी असते. पीळ हळूहळू सुटतो. जी रुंद, मधोमध खाच असलेली पांढरीशुभ्र पाकळी आपण डोळे भरून पाहतो, ती मुळात पाकळीच नाही. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, फितीसारख्या, मागे लोंबणाऱ्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. तो रुंद भाग पुंकेसरांचा बनलेला आहे. आल्याच्या या कुळाने पराग द्यायला एकच पुंकेसर राखला आणि बाकीच्यांचं रूप बदलून टाकलं. त्या एका पुंकेसराच्या दोन कप्प्यांमधल्या खोबणीतून स्त्रीकेसराचा दोरा वर चढतो आणि टोकाशी जेमतेम ठिपक्याएवढा बाहेर डोकावतो. भिंग लागत नाही. डोळ्यांजवळ धरलं की दिसतं. आलं, हळद, वेलदोडा यांच्या फुलांतही हीच मांडणी आहे. नागपंचमीला ज्या हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतो, ती हळद सोनटक्क्याची सख्खी भावकी.

ही सगळी तयारी कुणासाठी? आपल्यासाठी नक्कीच नाही. रंग पांढरा, कारण अंधारात तोच दिसतो. वास सूर्य मावळल्यावर वाढतो. नळी बोटाएवढी लांब आणि मध तिच्या तळाशी, म्हणजे मधमाशीच्या आवाक्याबाहेर. हे निमंत्रण लांब सोंडेच्या, रात्री उडणाऱ्या, हवेत एका जागी थरथरत मध पिणाऱ्या पतंगांना आहे. इंग्रजीत त्यांना हॉक मॉथ म्हणतात. त्या कुळातला एक पतंग चेंबूरमधल्या बागांना चांगला परिचित आहे, फक्त अळीच्या रूपात: तगरीच्या आणि कण्हेरीच्या कुंपणावर पानं फस्त करणारी ती जाड हिरवी अळी, पुढच्या बाजूला डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली. तिच्यावर औषध मारायची घाई होते. चार पानं गेली तर जाऊ द्यावीत असं मला मनापासून वाटतं. तगरीला पुन्हा पालवी फुटते.

पण पतंग असला तरी त्याला वास पोचतो का? फेब्रुवारी 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. रात्री फुलणाऱ्या, पांढऱ्या, पतंगांवर अवलंबून असलेल्या एका रानफुलावर त्यांनी काम केलं होतं. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचा ओझोनशी संयोग झाला की नायट्रेट रॅडिकल नावाचं द्रव्य तयार होतं. दिवसा ऊन त्याला मोडतं. रात्री ते टिकतं आणि फुलाच्या वासातली काही महत्त्वाची द्रव्यं हवेतच नष्ट करतं. तसा बिघडलेला वास दिलेल्या फुलांकडे पतंगांच्या फेऱ्या सुमारे 70 टक्क्यांनी घटल्या. फूल उमललेलं, मध भरलेला, पतंगही जवळपास, आणि मधल्या हवेत निरोप पुसलेला.

सोनटक्क्याच्या वासातही त्याच वर्गातली द्रव्यं आहेत. लिनालूल त्यातलं एक. आणि आपण राहतो चेंबूरला. दक्षिणेला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, एका अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, पलीकडे 1927 पासून कचरा पोटात घेत आलेलं देवनार. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा धुरामुळे दिवसचे दिवस खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. अशा हवेत सोनटक्क्याचा वास बाल्कनीच्या कठड्यापलीकडे किती दूर तग धरत असेल? आपल्याला तो येतो कारण आपण हातभर अंतरावर उभे असतो. कोसभर दूरच्या पतंगाची गोष्ट वेगळी. मला या विचाराने वाईट वाटतं, आणि ते वाटून घ्यायला हवं, कारण हवेचं गाऱ्हाणं आपण फक्त आपल्या छातीपुरतं मांडतो.

मग हे झाड चेंबुरात टिकलं कसं? मातीखालून.

सोनटक्क्याचा एक दांडा एकदाच फुलतो. शेंड्याची सगळी फुलं येऊन गेली की त्या दांड्याला पुन्हा कळी येत नाही. तो हळूहळू पिवळा पडतो. तेव्हा जमिनीलगत कापून टाकावा. नवखं माणूस हे करायला कचरतं, पण कापल्यानेच मागच्या कोंबांना उजेड आणि जागा मिळते. तोवर खाली गड्डा पुढे सरकलेला असतो. नवा कोंब नेहमी पुढच्या टोकाला येतो, जुना भाग मागे सुरकुतत जातो. जमिनीत हा प्रवास कितीही चालेल. कुंडीत तो काठापर्यंत येऊन अडतो. प्लास्टिकची कुंडी फुगते, मातीची तडकते. दोन-तीन वर्षांनी गड्डा बाहेर काढून तोडावाच लागतो. तोडला की आल्यासारखा झणझणीत पण थोडा गोडसर वास बोटांना लागतो. अर्धा गड्डा परत कुंडीत जातो. उरलेला कुणाला तरी द्यावाच लागतो. तो टाकून देण्याजोगा नसतो आणि ठेवायला जागा नसते. आपल्याकडच्या बाल्कन्यांतला सोनटक्का बहुतेक असाच आलेला आहे, या हातातून त्या हातात. नर्सरीतून आणलेला क्वचितच.

हातांनीच तो जगभर गेला. मूळ पूर्व हिमालयाच्या बाजूचा हा गड्डा समुद्र ओलांडून क्यूबात पोचला, आणि आज सोनटक्का तिथलं राष्ट्रीय फूल आहे. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात बायका या फुलांच्या गुच्छांत चिठ्ठ्या लपवून नेत असत, असं तिथे सांगतात. ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर तो बागेतून निसटला, ओढ्याकाठी पसरला आणि तिथल्या मूळच्या वनस्पतींना जागा उरेना. तेव्हा आपणही जास्तीचा गड्डा कर्जत-लोणावळ्याच्या सहलीला नेऊन एखाद्या ओहोळाकाठी लावू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. सह्याद्रीला त्याची स्वतःची भावंडं आहेत: महाबळेश्वर-लोणावळ्याच्या पठारांवर पावसात पांढरे तुरे उभारणारा चवर आहे, दगडांच्या सांदीतून गुलाबी शेंड्याची रानहळद आहे. त्यांची जागा त्यांनाच राहू द्यावी.

माझ्याकडचा गड्डा शेजारच्या इमारतीतल्या काकूंचा. टिळक नगर, सहकार नगर, सुभाष नगर या आपल्याकडच्या म्हाडाच्या वसाहतींत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांनी खिडकीखालच्या हात-दोन हात जमिनीत काय काय फुलवलं होतं! मोरीचा पाइप बाहेर सुटतो तिथे सोनटक्का ठरलेला. मग पुनर्विकास सुरू झाला. सामान बांधताना काकूंनी मला बोलावून निम्मं बेट उपटून दिलं. म्हणाल्या, “भाड्याच्या घरात मी कुठे लावू? तू सांभाळ. परत आले की अर्धा मला द्यायचा.” इमारती पाडताना अशी किती बेटं राडारोड्याच्या ट्रकमध्ये गेली असतील. आमच्या गल्लीत नव्या इमारतीच्या करारात चटईक्षेत्र, पार्किंग, भाडं यांवर महिनोन्‌महिने घासाघीस झाली. झाडांच्या नावाने एक ओळ होती, ती मोठ्या वृक्षांची. गड्ड्याची झाडं कुणाच्या मोजणीत येत नाहीत. जानेवारीत पानं पिवळी पडली की तिथे झाड होतं हेही पाहणाऱ्याला कळत नाही.

आता काकूंच्या इमारतीचा ताबा मिळतो आहे. पोडियमवर कंत्राटदाराने लाल अल्पिनिया आणि हेलिकोनिया ओळीने लावले आहेत. अल्पिनियाही आल्याच्याच कुळातला, पॅसिफिक बेटांकडचा. त्याचा लाल तुरा आठवडेच्या आठवडे टिकतो, त्याला वास नाही, आणि तो वर्षभर जवळपास सारखाच दिसतो. म्हणूनच त्याला मागणी. त्याच्याशी माझं काही वैर नाही. पण श्रावणाची वाट पाहायला लावणारं, कापावं लागणारं, वाटावं लागणारं एखादं झाड त्या पोडियमवर असावं अशी इच्छा आहे. तिथला मातीचा थर उथळ, मोठ्या झाडांना पुरणार नाही. सोनटक्क्याला वीतभरही चालतो. टाकीचं वाहून जाणारं पाणी ज्या पाइपातून सुटतं तिथे चार हात जागा मागायची असं काकूंनी आणि मी ठरवलं आहे. सोसायटीला अर्ज त्या लिहिणार आहेत. गड्डा मी मे अखेरीला काढून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडे पोचवणार आहे, म्हणजे पहिल्या पावसाआधी तो जमिनीत जाईल. कोंब नसलेले मागचे तुकडेही टाकू नका असं त्यांना सांगायचं आहे. वेळ लागतो, पण फुटतात.