बागेसाठी घेतलेली जमीन

सावकाश बसा. शास्त्रातलं वचन थोड्या वेळाने घेऊ; आधी एक शेत डोळ्यांसमोर आणू या.

पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाईंनी इथे जमीन घेतली ती फळबागेसाठी. 1889 साली त्यांनी विधवांसाठी सुरू केलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षं मदत कबूल केली होती आणि ती मुदत सरत आली होती. पुढे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा सरळ हिशेब. देवावर भरवसा ठेवणारी ही बाई हिशेबाला पक्की होती, हे मला फार आवडतं.

मग 1896-97चा दुष्काळ पडला. दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. सदन पुण्यात होतं आणि तिथे तेव्हा प्लेग; इतक्या मुली शहरात ठेवायची परवानगी मिळेना. उरलं काय? केडगावचं शेत. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

इथे थांबा. पुण्यात मिळालेल्या त्या नकारापाशी जरा रेंगाळा. त्या दिवशी तो नकार कुणालाही देवाचं मार्गदर्शन वाटला नसेल. त्रासच वाटला असेल.

आता त्या शेतात उतरलेली एक मुलगी नजरेसमोर आणा. पोट खपाटीला गेलेलं, केसांच्या जटा, डोक्यात उवा. तिला कुणीतरी न्हाऊ घालायचं आहे. शारदा सदनातल्या जुन्या मुलींनी या नव्या मुली सांभाळायला घेतल्या. त्यांतल्या कितीतरी उच्चवर्णीय घरांतल्या बालविधवा होत्या. सोवळंओवळं, शिवाशीव यांत वाढलेल्या. ज्यांची सावलीसुद्धा घरच्यांना अशुभ वाटायची, त्यांच्या हातात आता हे परकं डोकं होतं. पाणी कोमट आहे का ते बघायचं, गुंता ओढायचा नाही, बोटांनी सोडवायचा. मुलगी रडली तर थांबायचं.

घाई करू नका. आधी ते हात तुमचे आहेत असं समजा. मग, जमल्यास, ते डोकं तुमचं आहे असं समजा. दुसरं जास्त कठीण जातं. मंडळीत आपण सेवा करायला पटकन उठतो, पण करून घ्यायची वेळ आली की संकोचतो.

पुढे केडगावात छापखाना चालला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं शास्त्राचं भाषांतर इथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. 1922 साली रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

केडगावात अंध स्त्रियांसाठीही घर होतं आणि त्याला बार्तीमयाचं नाव होतं. आता वचनाकडे वळू: मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडतो आहे, लोक त्याला दटावताहेत. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आंधळ्याला हे काय विचारायचं, असं आपल्याला वाटतं. तरीही प्रभू विचारतो आणि उत्तर त्याच्याच तोंडून येऊ देतो.

हा प्रश्न दोनदा मनात म्हणा. पहिल्यांदा प्रभू तुम्हाला विचारतो आहे असं समजून. पाठ प्रार्थना बाजूला ठेवा, खरोखर जे हवं आहे ते सांगा. दुसऱ्यांदा मंडळीतल्या एकाच व्यक्तीला समोर आणून: उपासनेला दिसेनाशा झालेल्या आजी असतील, गावात नव्याने आलेलं कुटुंब असेल. त्यांच्यासाठी तुम्ही मनात आधीच काहीतरी ठरवून ठेवलं असेल. ते ठरवलेलं थोडा वेळ बाजूला ठेवा.

या आठवड्यात त्यांच्या घरी जा आणि विचारा. तुम्ही ठरवलेल्या डब्याऐवजी त्यांनी बँकेत सोबत यायला सांगितलं, आणि तोच वार तुमच्या अडचणीचा निघाला, तर लगेच नाही म्हणू नका.