हौस, वेठ आणि भीड : विनामोबदला समीक्षेचा नैतिक प्रश्न

लेखकांना मोबदला न देता चालवले जाणारे नियतकालिक ही मराठी वाङ्मयव्यवहारातील अपवादात्मक घटना नाही. 1954 साली निघालेले ‘शब्द’, 1963 मधील ‘असो’ आणि त्यांच्या मागून आलेली अनेक लघुनियतकालिके लिहिणाऱ्यांच्या आणि काढणाऱ्यांच्या पदरमोडीवरच उभी राहिली. या पदरमोडीचा गौरव पुष्कळ झाला आहे. तिच्या नैतिक बाजूची तपासणी त्या मानाने कमी झाली. वाङ्मयाच्या क्षेत्रात ही तपासणी अवघड जाते, कारण तेथे ‘वाङ्मयसेवा’ या शब्दाचे वलय आड येते. म्हणून असे वलय ज्याला नाही असे एखादे उदाहरण घेणे सोयीचे ठरते. हेवी मेटल हे तसे उदाहरण होय.

समजा, कोल्हापुरातील काही तरुणांनी हेवी मेटल संगीताला वाहिलेले ऑनलाइन नियतकालिक सुरू करायचे ठरवले. कागद नको, छपाई नको, टपालहशील नको; लिहिणारे सगळे स्वयंसेवक. नव्या ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे, वादकांच्या मुलाखती, मैफलींचे वृत्तांत असा मजकूर. एका संध्याकाळी निर्णय होतो, आठवड्याभरात पहिला अंक निघतो. येथवर अडचण काहीच नाही. अडचण सुरू होते ती पहिला कच्चा लेख संपादकाच्या हाती येतो तेव्हा. ज्याला आपण काही देत नाही, त्याच्याकडून काय मागण्याचा अधिकार आपल्याला पोचतो, हा संपादकापुढचा प्रश्न असतो. आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न असतो : पैसे देणे लागत नसले, तरी दुसरे काही देणे लागतो की नाही?

या संगीताला स्वतःची नियतकालिके का काढावी लागली, हे प्रथम पाहिले पाहिजे. ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका 13 फेब्रुवारी 1970 रोजी प्रसिद्ध झाली. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्ज यांनी तिची तुच्छतेने बोळवण केली. प्रतिष्ठित समीक्षेने नाकारलेल्या या संगीताचा श्रोतृवर्ग मात्र वाढत गेला. 1979 मध्ये ‘साउंड्स’ या ब्रिटिश साप्ताहिकाने नव्या ब्रिटिश हेवी मेटलच्या लाटेला नाव दिले आणि 1981 च्या जूनमध्ये त्याच साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ‘केरँग!’ निघाले. याच्या खालच्या थरात, पोरासोरांनी टंकलिखित करून छायाप्रती काढलेली आणि ध्वनिफितींच्या देवघेवीबरोबर टपालाने देशोदेशी फिरणारी असंख्य चोपडी होती. म्हणजे या क्षेत्रातील नियतकालिकांचा जन्मच कैवारातून झाला. जे तुच्छ लेखले गेले त्याची बाजू घेणे हे त्यांचे पहिले कार्य होते. कैवार ही नैतिक कृती आहे यात शंका नाही; परंतु ती समीक्षा नव्हे. कैवार घेणारा समूह समीक्षेकडे वळू लागला की आपल्याच माणसांबद्दल खरे बोलण्याची वेळ येते.

मोबदल्याविना लिहिण्याचे समर्थन सामान्यतः ‘हौस’ या शब्दाने केले जाते. हौसेला मोल नसते, असे मराठी माणूस सहज म्हणतो. त्यात दोन अर्थ मिसळलेले असतात : हौसेची किंमत करता येत नाही, आणि हौसेची किंमत द्यावी लागत नाही. पहिला अर्थ उदात्त आहे, दुसरा सोयीचा. पहिल्याच्या आडून दुसरा चालवून घेतला जातो. फलाची अपेक्षा न धरता कर्म करावे, हा उपदेश कर्त्याने स्वतःला करायचा असतो. दुसऱ्याच्या श्रमावर नियतकालिक चालवणाऱ्याने तो लेखकाला करू लागणे म्हणजे तत्त्वज्ञानाचा हिशेबवहीसारखा उपयोग करणे होय.

शिवाय हौसेला सवड लागते, आणि सवड सर्वांना सारखी मिळत नाही. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. तेथील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या, पुढे त्या सैल लावल्या. या संगीताचा जड, खोल नाद घडण्यात या तडजोडींचा वाटा आहे. कोल्हापूरच्या वाचकाला हा तपशील परका वाटू नये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाच्या भट्ट्या आहेत, आणि पाळी संपवून घरी परतणाऱ्या तरुणाच्या कानात कोणते संगीत वाजत असेल हे बाहेरून सांगता येत नाही. परंतु त्याच संगीतावर रात्री बसून दीड हजार शब्दांचे परीक्षण विनामोबदला कोण लिहू शकेल, हे बऱ्याच अंशी सांगता येते. ज्याच्या घरी पगार दुसरा कुणी आणतो, तो. श्रमिकाच्या जखमी हातातून घडलेल्या संगीताची समीक्षा सवडवाल्यांच्या हाती जाते, आणि ही निवड कुणी जाणूनबुजून केलेली नसल्यामुळे तिची जबाबदारीही कुणी घेत नाही.

मग विनामोबदला लेखन ही वेठ म्हणावी काय? हा शब्द कोल्हापूरच्या संदर्भात सैलपणे वापरता येणार नाही. येथे वेठबिगार ही प्रत्यक्ष सामाजिक वस्तुस्थिती होती आणि शाहू महाराजांनी ती कायद्याने बंद केली. जन्माने आणि वतनाने लादलेल्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, हे वेठीचे मूळ लक्षण. संगीतावर आवडीने लिहिणाऱ्या तरुणाची तुलना त्या माणसाशी करणे हा त्या माणसावर अन्याय होईल. स्वयंसेवक केव्हाही उठून जाऊ शकतो. तरीही वेठीचे एक दुय्यम लक्षण येथे लागू पडू शकते : श्रम एकाचे आणि प्राप्ती दुसऱ्याची. नियतकालिकाला जाहिराती मिळू लागल्या, मैफलींच्या आयोजनातून पैसे येऊ लागले, संपादकाची त्या क्षेत्रात पत वाढली, आणि लेखक मात्र पूर्वीसारखाच ‘हौशी’ राहिला, तर शब्द तोच राहून व्यवहार बदललेला असतो. ही सरकण टाळण्याचा उपाय म्हणजे हिशेब उघडा ठेवणे. प्राप्ती शून्य असेल तर शून्य म्हणून सांगावी. शून्याहून अधिक झाली तर पहिला वाटा कोणाचा हे आधी ठरलेले असावे, आणि तो ज्याला सवड विकत घ्यावी लागते त्याचा असावा.

परंतु हौस आणि वेठ यांच्या कक्षेत हा प्रश्न पुरता मावत नाही. त्या दोहोंमध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि तिला मराठीत नेमका शब्द आहे : भीड. पैसा व्यवहारातून काढून घेतला की तेथे पोकळी राहत नाही. ती भिडेने भरते. पैसे देणारा संपादक लेख परत करू शकतो, कारण उभयतांमधील नाते मर्यादित असते. पैसे न देणारा संपादक अवघडतो. बिचाऱ्याने दोन रात्री जागून लिहिले, त्याला कसे सांगावे की दुसरा परिच्छेद निरर्थक आहे? मग निरर्थक परिच्छेद तसाच छापला जातो. लेखकही अवघडतो : संपादकाने आपल्याला जागा दिली, त्याच्या मित्राच्या बँडबद्दल कठोर कसे लिहावे? बँडने ध्वनिमुद्रिका फुकट पाठवली, मैफलीचा पास दिला, चहा पाजला. आता काय लिहिणार? भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात ते आर्थिक अर्थाने. समीक्षेच्या संदर्भात ती निर्णयशक्तीची भिकारावस्था ठरते. मार्सेल मॉस यांनी 1925 मध्ये भेटवस्तूंविषयीच्या आपल्या निबंधात दाखवले की, ऐच्छिक दिसणारे दान परतफेडीचे बंधन घालूनच येते. फुकट लिहिलेला लेख हेही असेच दान आहे. त्याची परतफेड पैशात होत नाही, तेव्हा ती मौनात होते.

हेवी मेटलसारख्या लहान बिरादरीत ही भीड अधिकच दाट असते, कारण लिहिणारा, वाजवणारा आणि आयोजन करणारा पुष्कळदा एकच असतो. लॉस एंजेलिसचा ब्रायन स्लेगल ‘द न्यू हेवी मेटल रिव्ह्यू’ नावाचे हौशी नियतकालिक काढीत होता. 1982 मध्ये त्यानेच ‘मेटल मॅसॅकर’ हे संकलन प्रसिद्ध केले, त्यात मेटॅलिकाचे पहिले प्रकाशित ध्वनिमुद्रण होते, आणि त्यातून त्याची ध्वनिमुद्रण संस्था उभी राहिली. भारतात अमित सैगल यांनी 1993 मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. पुढे त्याच नियतकालिकाने ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव भरवला. या दोन्ही उद्योगांनी संगीताचे मोठे हित केले, आणि ज्या काळी दुसरे कुणी पुढे येत नव्हते त्या काळी केले. दोष दाखवणे हा येथे हेतू नाही. रचनेतील एक ताण दाखवायचा आहे : ज्याच्या व्यासपीठावर बँड उभा राहतो, त्याच्याच पानांवर त्या बँडचे मूल्यमापन व्हायचे असते.

यावर असे सुचवले जाईल की समीक्षकाने दूर राहावे. हा उपाय वाटतो तितका निर्दोष नाही. कोल्हापूरच्याच परंपरेतील उदाहरण पाहता येईल. गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ (1939) हे पुस्तक दूर उभ्या राहिलेल्या माणसाला लिहिता आले नसते. टेंबे स्वतः पेटीवादक आणि संगीतरचनाकार; कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांचा सहवास त्यांना लाभला होता. गायकीतील बारकावे त्यांना दिसले ते जवळिकीमुळे. जवळीक ही ज्ञानाची अट आहे आणि तीच भिडेचे कारण आहे. एक ठेवून दुसरी टाकता येत नाही. म्हणून प्रश्न जवळीक नष्ट करण्याचा नसून, ती मान्य करून तिच्या उपस्थितीत खरे कसे बोलावे याचा आहे. ‘हा बँड माझ्या मित्रांचा आहे’ हे वाक्य परीक्षणाच्या आरंभी छापणे ही त्याची अगदी प्राथमिक पायरी. तिच्यामुळे परीक्षण आपोआप प्रामाणिक होत नाही; पण ते कोणत्या जागेवरून लिहिले गेले, हे वाचकाला कळते.

मराठी संपादकांनी भिडेवर एक जुना तोडगा काढला होता. ‘स्थलाभावी साभार परत’ या तीन शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्यांची भीड सांभाळली. लेख वाईट आहे असे म्हणायचे नाही. जागा नाही असे म्हणायचे. कागदाचा खर्च आणि पानांची मर्यादा हे खरे कारण होते आणि सभ्य निमित्तही होते. ऑनलाइन नियतकालिकाने हे निमित्त काढून घेतले. तेथे स्थलाभाव नाही. जागा अमर्याद असल्यामुळे नकाराला आता एकच कारण उरते, ते म्हणजे खरे कारण. या माध्यमाची नैतिक कसोटी येथेच लागते. सगळे स्वीकारावे, नाही तर का नाकारले ते सांगावे. सगळे स्वीकारणे सोपे असल्यामुळे बहुधा तेच घडते. मग प्रत्येक ध्वनिमुद्रिका ‘दमदार’ होते, प्रत्येक मैफल ‘अविस्मरणीय’ होते, आणि ज्या वाचकासाठी हा खटाटोप मांडला त्याला कोणत्याच शब्दावर भरवसा ठेवता येत नाही.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. विनामोबदला लेखकाला संपादक देणे लागतो ते वाचन : सावध, सविस्तर, लेखकाला आपल्या बरोबरीचा मानणारे वाचन. ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेला पत्रव्यवहार याच जातीचा होता. पुनर्लेखनाच्या सूचना हे लेखकाला मिळालेले मानधनाहून मोठे देणे होते. अर्थात या देण्यालाही दुसरी बाजू आहे. संपादकाची अभिरुची हाच निकष बनला की वाचनाचे रूपांतर सत्तेत होते. 1969 मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी करणाऱ्या तरुण कवींचा रोख त्या सत्तेवर होता. म्हणून नकाराला कारण हवे आणि कारणाला प्रत्युत्तराची वाट हवी. लेखकाला ‘तुमचे वाचन चुकले’ असे म्हणता आले पाहिजे.

आणखी एक देणे आहे, ते जबाबदारीचे. 1908 मध्ये कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात श्री. दा. सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्याबद्दल वि. गो. विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी यांना तीन वर्षांचा कारावास भोगावा लागला. लेख दुसऱ्याचा, छापण्याचा निर्णय यांचा. याच वामन मल्हारांनी पुढे 1919 मध्ये ‘नीतिशास्त्रप्रवेश’ लिहिला. नीतीचा विचार ग्रंथात मांडण्यापूर्वी छापलेल्या शब्दाची किंमत त्यांनी मोजलेली होती. हेवी मेटलच्या परीक्षणापायी कोणी तुरुंगात जाणार नाही. मात्र एखादा नाराज आयोजक प्रवेश बंद करील, एखादा बँड बोलणे टाकील, तेव्हा ‘ते आमच्या स्वयंसेवकाचे वैयक्तिक मत आहे’ असे म्हणून संपादकाने बाजूला होणे ही त्या लेखकाची उघड फसवणूक आहे. ज्याला पैसे दिले नाहीत त्याला निदान एकटे तरी पाडू नये.

तेव्हा अशा नियतकालिकाच्या आरंभी विचारायचा प्रश्न ‘फुकट लिहायला कोण तयार आहे’ हा नाही. तसे लोक नेहमीच मिळतात. ‘ज्याने फुकट लिहिले त्याचा लेख कारणासहित परत करण्याची आणि छापलेल्या लेखामागे उभे राहण्याची आपली तयारी आहे काय’ हा आहे. ती तयारी असेल तर त्या हौसेला समीक्षेचे रूप येते. नसेल तर पहिल्या अंकाचा उत्साह ओसरल्यावर भीड तेवढी उरते, आणि ज्या संगीताने कधी कुणाची भीड बाळगली नाही त्याच्याविषयी भीतभीत लिहिले जाते.